उचकी का लागते, पटकन कशी थांबवायची आणि ती साधी नाही हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुमचं वय ३४. गेले दोन महिने आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक वेळा दुपारच्या जेवणानंतर, उचकी लागते आणि पंधरा-वीस मिनिटं पिच्छा सोडत नाही. नेमकी त्याच वेळी मीटिंग असते. पाणी पिऊन झालं, श्वास रोखून झाला, सहकाऱ्यांनी दचकवूनही पाहिलं. कधी थांबते, कधी नाही. म्हणून तुम्हाला हमखास आणि लगेच गुण देणारा एकच उपाय हवा आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे: वडील ६८ वर्षांचे, त्यांची केमोथेरपी चालू आहे, त्यांना परवा सकाळपासून उचकी आहे, तर त्यांनाही हेच उपाय करू का?

ती शेवटची ओळ माझ्यासाठी पहिली आहे. वडिलांवर घरगुती प्रयोग करत बसू नका, आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांची आणि तुमची उचकी ऐकायला सारखीच असेल, पण तिच्यामागचं कारण वेगळं असण्याची शक्यता बरीच आहे. ते सविस्तर खाली येईलच. फोन करून आलात की पुढचं वाचा.

आता तुमच्याबद्दल. हमखास उपाय फिजिशियन म्हणून इतकी वर्षं काम करूनही मला सापडलेला नाही, आणि असा उपाय आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. पण एखादा उपाय शरीरात नेमकं काय करतो हे कळलं तर निवड सोपी होते, आणि तो नीट करताही येतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी उपाय बरोबर निवडलेला असतो, पण केलेला असतो अर्धवट. चार सेकंद श्वास रोखायचा, पाण्याचा एक घोट घ्यायचा आणि लगेच "हे काही लागू पडत नाही" म्हणून तिसऱ्याच गोष्टीकडे वळायचं.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा एक पातळ, रुंद स्नायू आडवा पसरलेला असतो. तो आकसला की खाली सरकतो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. एरवी हे संथपणे चालतं. उचकी लागते तेव्हा हा स्नायू, आणि त्याच्याबरोबर बरगड्यांमधले स्नायू, एकदम झटक्याने आकसतात. हवा जोरात आत खेचली जाते, आणि त्यानंतर साधारण ३५ मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याच्याही आत, स्वरयंत्राचं दार बंद होतं. आत निघालेली हवा तिथेच अडते. तोच तो 'हिक्' आवाज. उचकीत या दोन गोष्टी जोडीने घडतात: खाली झटका आणि वर दार बंद. वेग मिनिटाला ४ पासून ६० पर्यंत कितीही असू शकतो. गंमत म्हणजे बऱ्याच जणांत श्वासपटलाचा डावा अर्धा भागच जास्त उसळतो.

हा झटका येतो कुठून? त्यासाठी शरीरात एक वर्तुळ आहे. व्हेगस नावाची लांबलचक नस मेंदूच्या तळापासून निघते आणि कान, घसा, अन्ननलिका, हृदय, जठर अशा ठिकाणी फांद्या देत पोटात उतरते. फ्रेनिक नावाची दुसरी नस मानेतून निघून हृदयाच्या कडेने श्वासपटलाला पोचते. या वाटेवर कुठेही ताण पडला, दाह झाला किंवा काही टोचलं की तसा संदेश वर जातो. ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा जो भाग खाली मज्जारज्जूला जोडलेला असतो, तो आणि मानेतल्या मज्जारज्जूचा वरचा भाग हा संदेश घेतात आणि फ्रेनिक नसेवाटे श्वासपटलाला झटका द्यायला लावतात. त्याच वेळी दुसऱ्या फांदीने स्वरयंत्राला दार लावायला सांगतात.

एकदा हे वर्तुळ फिरू लागलं की मूळ कारण निघून गेलं तरी ते काही काळ आपोआप चालू राहतं. झोक्याला दिलेला हात काढून घेतला तरी झोका लगेच थांबत नाही, तसं. म्हणूनच "आता तर पोटही हलकं झालंय, मग उचकी का चालूच आहे?" हा प्रश्न पडतो. आणि म्हणूनच कारण दूर करण्याइतकंच ती लय मोडणंही महत्त्वाचं ठरतं.

सुरुवात कशाने होते? निरोगी माणसात सर्वांत जास्त वेळा जठर फुगल्याने. जठर श्वासपटलाच्या अगदी खाली, तेही डाव्या बाजूला असतं. भराभर जेवलं, जेवताना बोलत राहिलं, फसफसणारं पेय घेतलं, च्युइंगम चघळलं की अन्नाबरोबर हवाही गिळली जाते. जठर ताणलं जातं आणि वरच्या स्नायूला चिथावणी मिळते. फार तिखट खाणं, गरम पदार्थावर लगेच थंडगार पेय, दारू, सिगारेट, पोट दुखेस्तोवर हसणं आणि मनावरचा ताण हीसुद्धा नेहमीची कारणं. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास असेल तर तीही एक चिथावणीच. यातली दोन-तीन एकत्र आली की एरवी न लागणारी उचकी लागते.

तुम्ही कसे जेवता ते लिहिलेलं नाही, म्हणून पुढचं अंदाजाने म्हणतोय. दुपारच्या जेवणानंतर, कामाच्या दिवशी आणि मीटिंगच्या आधी असा नमुना असेल तर मला सगळ्यात आधी घाईच्या जेवणाचा संशय येतो. स्क्रीनसमोर दहा मिनिटांत संपवलेलं जेवण, त्यात फोनवर बोलणं, बरोबर एखादं गॅस असलेलं पेय, आणि वर "आता पुन्हा लागणार की काय" ही धास्ती. सुटीच्या दिवशी निवांत जेवल्यावर उचकी लागते का, एवढं एकच पाहा. लागत नसेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. सुटीतही तितकीच लागत असेल, किंवा छातीत जळजळ, आंबट ढेकर, झोपेत घशाशी पाणी येणं असं काही असेल, तर आम्लाचा विचार करावा लागेल.

मुळात शरीराला हा झटका हवाच कशाला, असं कुतूहल कुणालाही वाटेल. गर्भाला उचकी साधारण नवव्या आठवड्यापासूनच लागते, म्हणजे ही व्यवस्था फार लवकर तयार होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उचकी लागलेल्या १३ नवजात बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. प्रत्येक झटक्यानंतर मेंदूत ठरावीक लहरी उमटत होत्या. श्वासाचे स्नायू ओळखायला आणि वापरायला मेंदू यातून शिकत असावा, असा त्यांचा अर्थ. दुसरा एक तर्क असा, की दूध पिणाऱ्या पिल्लांच्या जठरातली हवा बाहेर काढायला ही युक्ती उपयोगी पडत असावी. दोन्ही कल्पना पटण्याजोग्या आहेत, सिद्ध झालेली एकही नाही. मोठ्या माणसाला मात्र तिचा काही उपयोग दिसत नाही. याच ओघात तान्ह्या बाळांच्या आईवडिलांसाठी: बाळाला उचकी लागली म्हणून काहीही करायची गरज नसते. पाजताना मध्येच थांबून ढेकर काढा, खांद्याशी उभं धरा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी किंवा साखर देऊ नका, आणि त्याला दचकवूही नका.

आता उपायांकडे. जगभर शेकडो उपाय सांगितले जातात, पण बारकाईने पाहिलं तर जवळजवळ सगळे दोनपैकी एक काम करतात.

पहिलं काम म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढवणं आणि त्याच वेळी श्वासपटल ताणून धरणं. हा वायू वाढला की उचक्यांचा वेग मंदावतो, कमी झाला की वाढतो. श्वास रोखण्यामागचं शास्त्र एवढंच. याची उलट बाजू लक्षात घ्या: उचकी लागली म्हणून घाबरून भराभर खोल श्वास घेत राहिलात तर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो आणि उचकीला बळच मिळतं. मीटिंगआधीच्या धास्तीत नेमकं हेच होतं.

दुसरं काम म्हणजे व्हेगस नसेला आणि घशाला दुसरा उद्योग देणं. सलग गिळणं, कोरडी साखर जिभेवर घेणं, गार पाण्याच्या गुळण्या, जीभ हलकेच बाहेर ओढणं, शिंक काढणं, लिंबाची फोड चोखणं, सगळं याच जातीचं. गिळताना श्वास आपोआप थांबतो आणि स्वरयंत्र बंद होतं, त्यामुळे सलग पाच-सात घोट गिळले की पहिलं कामही थोडंफार साधतं. म्हणून पाणी हा उपाय दिसायला साधा असला तरी मला तो पसंत आहे. व्हेगस नसेचा पसारा किती लांबवर आहे याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फ्रान्सिस फेस्मायर या अमेरिकी डॉक्टरांनी १९८८ मध्ये नोंदवलेला एक रुग्ण. काही केल्या न थांबणारी उचकी त्यांनी गुदद्वारात बोटाने मसाज करून थांबवली होती. त्यासाठी २००६ मध्ये इस्रायलमधल्या तिघा डॉक्टरांबरोबर त्यांना 'इग नोबेल' हा विनोदी पुरस्कारही मिळाला. हा उपाय मी कुणाला सुचवत नाही, पण तत्त्व तेच.

यातल्या कशाला कितपत पुरावा आहे? खरं सांगायचं तर तुटपुंजा. १९७१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटी नोंद आली होती: उचकी लागलेल्या २० जणांना चमचाभर कोरडी साखर गिळायला दिली आणि १९ जणांची उचकी थांबली. २०२१ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी एक खास नळी वापरून पाहिली. तिच्यातून पाणी ओढायला बराच जोर लावावा लागतो, म्हणजे श्वासपटल जोराने आकसतं आणि लगेच घोट गिळावा लागतो. २४९ जणांनी दिलेल्या माहितीनुसार ९२ टक्क्यांच्या आसपास वेळा उचकी थांबली. आकडे भारी वाटतात, पण दोन्ही ठिकाणी 'काहीच केलं नाही' असा तुलनेचा गट नव्हता. आणि साधी उचकी काहीच न करतादेखील थांबतेच. त्यामुळे ती थांबायच्या सुमाराला जो उपाय चालू असतो त्याला श्रेय मिळतं, आणि माणूस पुढे जन्मभर त्याची जाहिरात करतो. तुम्हाला "कधी थांबते, कधी नाही" असा अनुभव येण्याचं हे एक मोठं कारण आहे.

तरीही मी रुग्णांना उपाय सांगतो, कारण त्यामागचं तत्त्व पटण्यासारखं आहे, धोका नगण्य आहे आणि पंधरा मिनिटांची उचकी दोन मिनिटांत गेली तर कुणाला नको आहे? फक्त दोन्ही कामं एकाच वेळी करणारे उपाय निवडतो आणि ते पहिल्या काही उचक्यांतच, नीट करायला सांगतो.

पहिला उपाय श्वासाचा. तो मीटिंगमध्ये बसल्या जागीही जमतो. ताठ बसा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. मग जितका घेता येईल तितका खोल श्वास आत घ्या आणि १० सेकंद धरून ठेवा. आता तो न सोडताच वर आणखी थोडी हवा आत ओढा. जागाच उरली नाही असं वाटेल, तरी थोडी मावते. ५ सेकंद थांबा. पुन्हा एकदा घोटभर हवा ओढा, पुन्हा ५ सेकंद. मग सावकाश सोडा. या पद्धतीचं वर्णन २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, आणि साध्या श्वास रोखण्यापेक्षा ती मला सरस वाटते. कारण इथे श्वासपटल शेवटपर्यंत ताणलेलं राहतं, त्याला झटका द्यायला फारशी जागाच उरत नाही. मध्येच उचकी आली तर श्वास सोडू नका, मोजणं चालू ठेवा. बहुतेक जण इथेच हार मानतात. एकदा करून नाही गेली तर अर्धा मिनिट नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुन्हा एकदा करा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा.

दुसरा उपाय पाण्याचा. पेलाभर गार पाणी घ्या, दोन्ही कानांच्या भोकांसमोरचा छोटा मांसल भाग बोटांनी आत दाबून कान बंद करा, आणि अरुंद स्ट्रॉने, मध्ये श्वास न घेता, लहान लहान घोट सलग गिळा. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे पेला टेबलावर ठेवावा लागतो आणि पुढे वाकावं लागतं, तेही चालतं. व्हेगस नसेची एक फांदी कानातही असते, म्हणून कान दाबण्यात काहीतरी अर्थ असावा. पण मला विचाराल तर खरं काम श्वास न घेता सलग गिळणंच करतं. माणसांसमोर हे करायचं नसेल तर कान सोडून द्या, नुसते आठ-दहा घोट सलग गिळा. खूप घाईने नको, ठसका लागेल.

या दोन्हींनी भागलं नाही तर चमचाभर कोरडी साखर जिभेच्या मागच्या भागावर ठेवा आणि हळूहळू गिळा. मधुमेह असेल तर हा उपाय सोडून गुळण्या करा. आणि पोट फुगल्यासारखं वाटत असेल तर हे सगळं करण्याआधी एकदा उठून चार पावलं चाला आणि ढेकर येतो का पाहा. ढेकर आल्यावर उचकी थांबली तर तुमच्या बाबतीत चिथावणी जठरातूनच होती, हेही कळून जाईल.

दचकवण्याबद्दल: माझा त्यावर आक्षेप नाही, पण भरवसाही नाही. दचकल्यावर माणूस पटकन श्वास आत ओढून क्षणभर धरतो, तेवढाच काय तो परिणाम. आणि "आता मला दचकवा" असं सांगून ठेवलेला माणूस दचकत नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. बंद पापण्यांवरून डोळ्यांचे गोळे दाबण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. मानेतली धडधडणारी रक्तवाहिनी चोळणंही तसंच, विशेषतः वयस्क माणसात. ते काम डॉक्टरांचं, तेही ईसीजी लावून. तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी धरणं तर कधीच नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो हे खरं, पण हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्याला ते घातक ठरू शकतं, आणि श्वास रोखून तेच साधत असेल तर पिशवी हवीच कशाला? श्वास रोखून कुंथण्याचे प्रकार हृदयविकार, काचबिंदू किंवा नुकतीच झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर टाळा.

तुमच्या बाबतीत खरा फायदा उपायापेक्षा टाळण्यात आहे. तीन आठवडे हे करून पाहा: दुपारी गॅस असलेलं पेय पूर्ण बंद, जेवायला किमान वीस मिनिटं, जेवताना फोन नाही, आणि पोट तडस लागेपर्यंत भरायचं नाही. मीटिंग लगेच असेल तर अर्धंच जेवा, उरलेलं नंतर. उचकी लागली की त्या दिवशीची वेळ, जेवण आणि ती किती मिनिटं टिकली एवढं मोबाइलमध्ये टिपून ठेवा. तीन आठवड्यांत निम्म्याने जरी कमी झाली तरी आपण योग्य वाटेवर आहोत. काहीच फरक नसेल तर जवळच्या फिजिशियनना दाखवा. गेल्या दोन महिन्यांत एखादं नवीन औषध सुरू झालं आहे का हेही त्यांना सांगा, आणि आम्लासाठी काही दिवस उपचार करून पाहायचे का ते त्यांना ठरवू द्या. दोन महिने अधूनमधून, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं, मध्ये पूर्ण बरं, वजन स्थिर, गिळायला त्रास नाही, असं चित्र असेल तर मला काळजी वाटत नाही.

काळजी कधी वाटते? आम्ही डॉक्टर ४८ तासांची रेघ पाळतो. त्याच्या आत थांबली तर साधी उचकी, त्यापुढे गेली तर चिवट, आणि महिन्यापलीकडे गेली तर हट्टी. ४८ हा आकडा काही जादूचा नाही, पण तिथून पुढे "कशी थांबवू" या प्रश्नाची जागा "का लागली" हा प्रश्न घेतो. हट्टी उचकी किती टिकू शकते याचा विक्रम अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑसबॉर्न यांच्या नावावर आहे. १९२२ मध्ये एक डुक्कर उचलताना त्यांना उचकी लागली आणि ती थांबली १९९० मध्ये, ६८ वर्षांनी. ते अर्थात अपवाद. जास्त शिकण्यासारखं उदाहरण २०२१ चं आहे: ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांची उचकी दहा दिवसांहून जास्त थांबत नव्हती, आणि तपासणीत आतड्यात अडथळा असल्याचं निघालं.

चिवट उचकीमागे काय काय असू शकतं? वर सांगितलेलं वर्तुळ डोळ्यांसमोर आणा आणि त्यावरची प्रत्येक जागा तपासा. पोटात: आम्लाचा त्रास, जठराचा व्रण, आतड्याचा अडथळा, यकृताला सूज. छातीत: न्यूमोनिया, फुप्फुसाच्या आवरणाचा दाह, हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका. मानेत: थायरॉइडची गाठ. कानात: पडद्याला टेकलेला एखादा केस. हे हसण्यावारी नेऊ नका, यासाठीच आम्ही कानातही डोकावतो. मेंदूत: ब्रेनस्टेममधला पक्षाघात किंवा गाठ, आणि क्वचित मज्जासंस्थेचा असा एक आजार, ज्यात दिवसेंदिवस उचकी आणि उलटी हेच पहिलं लक्षण असतं. रक्तात: सोडियम किंवा कॅल्शियम कमी होणं, किडनी बिघडून युरिया साचणं. आणि औषधांत: डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड, झोपेची आणि भुलीची काही औषधं, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, केमोथेरपीतलं सिस्प्लॅटिन. मी तपासणी करतो तेव्हा औषधांची यादी आधी मागतो, कारण तिथे सर्वांत लवकर आणि बिनखर्चात उत्तर मिळण्याची शक्यता असते.

उचकीसोबत छातीत दुखणं, दम लागणं, अचानक तोल जाणं, दोन-दोन दिसणं, चेहरा वाकडा होणं, एका बाजूला बधिरपणा, बोलण्यात किंवा गिळण्यात अडचण, रक्ताची उलटी, काळी शी, किंवा पोट फुगून शी-वारा दोन्ही बंद होणं, यांपैकी एक जरी असेल तर ४८ तास मोजत बसू नका. सरळ इमर्जन्सी विभागात जा. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाला नव्यानेच उचकी लागली आणि अस्वस्थ वाटत असेल, तर मी ईसीजी काढल्याशिवाय घरी पाठवत नाही.

आता वडील. परवा सकाळपासून म्हणजे ४८ तासांची रेघ आज ओलांडली जातेय. केमोथेरपीच्या दिवशी मळमळ होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन सर्रास देतात, आणि उचकी हा त्याचा माहितीतला दुष्परिणाम आहे, पुरुषांत जास्त. बऱ्याचदा डोस मिळाल्यावर दिवसभरात सुरू होते आणि औषध संपल्यावर ओसरते. वडिलांच्या बाबतीत हेच कारण असण्याची मला दाट शक्यता वाटते. पण त्यांना न तपासता मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण केमोथेरपीच्या काळात सोडियम घसरू शकतं, किडनीवर ताण येऊ शकतो आणि जंतुसंसर्ग गुपचूप वाढू शकतो. म्हणून रक्ताची तपासणी बहुधा सांगतील. ताप असेल तर रात्रीही वाट पाहू नका.

एक गोष्ट निक्षून सांगतो: स्टिरॉइडचा संशय आला म्हणून ते स्वतःहून बंद करू नका. ते कशासाठी दिलं आहे यावर सगळं अवलंबून आहे. डॉक्टर डोस कमी करू शकतात, किंवा त्याऐवजी दुसरं स्टिरॉइड देऊ शकतात. कित्येकदा तेवढ्या बदलानेच उचकी थांबते. उचकीची औषधंही आहेत. क्लोरप्रोमाझिन हे जुनं आणि अमेरिकेत याच कामासाठी मान्यता असलेलं औषध, पण वयस्क माणसाला त्याने फार गुंगी येते आणि उभं राहताना रक्तदाब घसरून पडण्याची भीती असते. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर आधी बॅक्लोफेन किंवा गॅबापेंटिन वापरतात. किडनी कमजोर असेल तर त्यांचाही डोस जपून ठरवावा लागतो, नाहीतर माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. पोट लवकर रिकामं होत नसेल तर मेटोक्लोप्रामाइडचा उपयोग होतो. यातलं काहीही दुकानातून आपल्या मनाने आणून देऊ नका, दुसऱ्या कुणाला लागू पडलं असलं तरीही.

डॉक्टर भेटेपर्यंत त्यांना टेकून बसवा, आडवं झोपवून खायला घालू नका. एकदम ताटभर देण्याऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. पाण्याचे लहान घोट चालतील, पण वर सांगितलेला श्वासाचा प्रकार त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, केमोथेरपीची फाइल आणि शेवटच्या डोसची तारीख बरोबर घ्या. उचकी नेमकी कधी सुरू झाली, झोपेत थांबते की चालूच राहते, जेवण किती कमी झालं आहे, हे कागदावर लिहून न्या आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. कारण दवाखान्यात पोचल्यावर ती नेमकी थांबते आणि मग काय दाखवायचं हा प्रश्न पडतो. आणि निघण्यापूर्वी एक विचारायला विसरू नका: पुढच्या केमोथेरपीच्या वेळी पुन्हा असं झालं तर घरी पहिल्यांदा काय करायचं आणि किती तासांनी फोन करायचा.